पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात बसणाऱ्या पिल्लाला घर कसं मिळेल?

प्रश्न थोडक्यात असा: ठाणे जिल्ह्यातल्या एका शेल्टरमध्ये शनिवार-रविवारी मदतीला जाणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. मासळी बाजारातून आणलेलं, अंदाजे तीन महिन्यांचं, काळं-पांढरं मांजराचं पिल्लू आहे, मादी, नाव मांदेली. माणूस दिसला की ती लिटर ट्रेच्या, म्हणजे शी-शूच्या तबकाच्या, मागे जाऊन बसते, हात पुढे केला की फिस्कारते, एकदा पंजाही मारला. लोक येतात आणि जाळीशी येऊन म्यांव करणारी पिल्लं घेऊन जातात. महिनाभरात कुणी नेलं नाही तर नसबंदी करून बाजारात परत सोडू, असं शेल्टरचे लोक म्हणतात. हिला घर मिळेल का, आणि त्यासाठी काय करावं?

ताई, घर मिळेल. तीन महिने म्हणजे वेळ गेलेली नाही. फक्त येईल त्या प्रत्येकाला पिंजऱ्यापाशी नेऊन "ही पण आहे बघा" म्हणणं आजपासून बंद करा. दर वेळी एक अनोळखी चेहरा जाळीला लागतो, ती आणखी आत सरकते, आणि बघणारा "ही चावरी दिसते" म्हणून पुढे जातो. बुजऱ्या पिल्लाला आधी शेल्टरमधून बाहेर काढायचं असतं, मग त्याचं घर शोधायचं असतं. बहुतेक ठिकाणी हे उलट होतं. पिल्लू पिंजऱ्यातच माणसाळेल, कुणाला तरी दया येईल, याची वाट बघत आठवडे जातात, आणि बुजऱ्या पिल्लाच्या बाबतीत आठवडे महाग असतात.

महाग का, ते सांगते. मांजराच्या पिल्लाची माणसाशी ओळख होण्याचा काळ फार लवकर येतो आणि लवकर सरतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी केलेल्या प्रयोगांतून दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांचा काळ पुढे आला. या काळात रोज माणसाचा हात लागलेली पिल्लं मोठेपणीही माणसाजवळ येतात. मांदेलीचा तो काळ बाजारात गेला. तिला माणसांचे पाय, गलका आणि फरशीवर फेकलेलं पाणी ओळखीचं आहे, हात मात्र ओळखीचा नाही. दुसरी गोष्ट रक्तातली. ब्रिटनमध्ये सँड्रा मॅक्यून यांच्या १९९५च्या अभ्यासात दिसलं, की धीट बोक्याची पिल्लं नव्या गोष्टींना आणि माणसांना कमी घाबरतात. बापाने तर पिल्लांना सांभाळलेलंही नसतं, तरी त्याचा स्वभाव उतरतो. म्हणजे काही पिल्लं मुळातच जरा बुजरी असतात. ती पुढे घरात छान रुळतात, फक्त पाहुणे आले की पलंगाखाली जातात. अशी मांजरं आवडणारी माणसं आहेत, आणि आपल्याला शोधायची आहेत ती हीच माणसं.

मांदेली बुजरी आहे की खरोखर रानटी, हे पिंजऱ्यासमोर उभं राहून कळत नाही. एक जुना फोन घ्या, व्हिडिओ सुरू करून पिंजऱ्याच्या बाहेर टेकवून ठेवा आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर तासभर राहू द्या. मग बघा. ती बाहेर येऊन खाते का? गोळा केलेल्या कागदाशी खेळते का? शेजारच्या पिंजऱ्यातल्या पिल्लाला बघून शेपटी उभी करते का? शेपटी उभी करून दुसऱ्या मांजराकडे जाणारं, एकटं असताना खेळणारं पिल्लू आतून धड असतं, त्याची भीती माणसापुरती असते. हा व्हिडिओ जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

वयाचीही खात्री करून घ्या. जन्मताना पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि आठवड्याला साधारण तेवढंच वाढतं, म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू सव्वा किलोच्या आसपास हवं. पण रस्त्यावरची पिल्लं खुरटलेली असतात, त्यामुळे नुसत्या वजनावर जाऊ नका. डॉक्टर तपासतील तेव्हा दात बघायला सांगा. समोरचे बारीक दुधाचे दात पडून मोठे दात यायला साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास सुरुवात होते. समोरचे दात बदललेले असतील तर ती तुम्हाला वाटते त्याहून मोठी आहे, आणि माणसाळायला जास्त दिवस लागतील हे धरून चाला.

फॉस्टर, म्हणजे काही आठवडे तिला घरी सांभाळणारं माणूस, मिळेपर्यंत पिंजऱ्यात लगेच करण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे खोका. किराणा दुकानातून पुठ्ठ्याचा मांजर मावेल एवढा खोका आणा, एका बाजूला दार कापा आणि आत जुनं सुती कापड टाका. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या संशोधकांनी २०१४ मध्ये शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोका दिला, काहींना दिला नाही. खोका मिळालेल्या मांजरांचा ताण पहिल्या काही दिवसांतच स्पष्ट कमी दिसला. आपल्याकडे उलट ऐकायला मिळतं: "खोका दिला तर लपूनच बसेल, लोकांना दिसणार नाही." ती आत्ताही लपूनच बसते आहे, फरक एवढाच की स्वतःच्या शीच्या तबकामागे. लपायला हक्काची जागा मिळाली की मांजर त्या जागेच्या तोंडाशी येऊन बाहेर बघायला लागतं. शिवाय डॉक्टरकडे न्यायचं झालं तर तिला पकडायची झटापट नको, खोक्यासकट उचलता येतं.

पिंजरा खालच्या रांगेत असेल तर वरच्या रांगेत हलवायला सांगा. जमिनीलगत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट बघणं कुठल्याच मांजराला सोसत नाही. कुत्र्यांच्या बाजूची जाळी चादरीने झाका. पिंजरा धुताना सगळी कापडं एकदम बदलू नका, एक तरी तिच्या वासाचं राहू द्या. आणि फिनेल! मांजरांच्या जागेत फिनेल वापरू नका, हे मी जिथे जाते तिथे सांगते. त्यातली फिनॉलची द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. पंजाला लागलेलं फिनेल ती चाटते आणि पोटात घेते. पिल्लं ज्या पॅनल्युकोपेनियाने पटापट दगावतात त्याचा विषाणू फिनेलने मरतही नाही, तो एखाद्या खोलीत वर्षभर टिकू शकतो. त्यासाठी पातळ केलेलं ब्लीच लावायचं, दहा मिनिटं ठेवायचं, नंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं. त्या वेळी पिल्लू तिथे नको.

तब्येतीचं थोडक्यात. आजारी पिल्लू बुजरं दिसतं आणि बुजरं पिल्लू आजारी पडतं, म्हणून दोन्ही एकदम बघा. डोळ्यांतून पाणी आणि शिंका असतील तर तो बहुतेक वेळा नागिणीच्या जातीचा हर्पीस विषाणू असतो. तो एकदा शिरला की अंगात दबून राहतो आणि ताण आला की उसळतो. कानात काळा भुगा दिसला तर गोचिडीसारखे बारीक किडे, कानाच्या कडेला किंवा नाकावर गोल टक्कल दिसलं तर नायटा. नायटा माणसाला लागतो, तेव्हा तो बरा झाल्याशिवाय लहान मुलांच्या घरी पिल्लू नको. जंतांचं औषध आणि तिहेरी लस (पॅनल्युकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसी या तीन विषाणूंवरची) झाली का, याची नोंद वहीत बघा. तिहेरी लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावी लागते, आणि रेबीजची लस बारा आठवडे पूर्ण झाल्यावर. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध उरलंय म्हणून मांजराला लावू देऊ नका, त्यात पर्मेथ्रिन असेल तर ते मांजराला झटके आणून मारतं. मुंबईकडे खाजगी डॉक्टरचा खर्च झेपत नसेल तर परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच.

आणि तुम्हाला पंजा लागला म्हणता. ओरखडा उठला असेल, रक्त आलं नसलं तरी, आणि तुम्ही अजून इंजेक्शन घेतलं नसेल तर आज सरकारी दवाखान्यात जा, अँटी-रेबीज लस तिथे मोफत मिळते. पुढे कधीही असं झालं तर आधी वाहत्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, मग बाकीचं.

आता हाताची सवय. हे काम तुम्हीच करायचं आहे, दर वेळी वेगळ्या माणसाने नाही. तुम्ही शनिवार-रविवारी जाता, म्हणून मधल्या दिवसांसाठी शेल्टरमधलं एक माणूस ठरवा, शक्यतो रोज खाणं देणारं. मी कसं करते ते सांगते. पिंजऱ्याचं दार उघडून समोर बसायचं, पण तिच्याकडे तोंड करून नाही, जरा कडेने, एक खांदा तिच्याकडे. डोळ्यांत रोखून बघायचं नाही. नजर भिडलीच तर डोळे हळूहळू अर्धे मिटायचे आणि हळूच उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या २०२०च्या अभ्यासात असं करणाऱ्या अनोळखी माणसाकडे मांजरं जास्त वेळा स्वतःहून आली. काही बोलायचं नसेल तर पेपर वाचा, हळू आवाजात. आवाजाची सवय होणं हेही काम आहे.

मग चमचा. बिनमिठाचं, बिनहळदीचं उकडलेलं चिकन बोटाने कुस्करून, त्याच कोमट पाण्यात जरा पातळ करायचं. कांदा-लसूण अजिबात नाही, ती मांजरासाठी विषं आहेत. लांब दांड्याचा चमचा घ्यायचा, बरणीतलं लोणचं काढायचा असतो तसा. चमचा खोक्याच्या तोंडापर्यंत न्यायचा आणि तिथेच धरून ठेवायचा. ती आधी फिस्कारेल. चमचा मागे घ्यायचा नाही, पुढेही ढकलायचा नाही. नाक हलायला लागतं, मिशा पुढे येतात, मान लांब होते, अंग मात्र मागेच राहतं, मागचे पाय पळायच्या तयारीत. एकदा जीभ लागली की त्या चमच्यापुरती ती तुमची. पुढच्या वेळी चमचा दोन बोटं अलीकडे धरा, मग आणखी अलीकडे, असं करत चमच्याचा दांडा संपतो आणि तुमचं बोट उरतं. दिवसभराचं खाणं भांड्यात ठेवलेलं असेल तर हे जमणार नाही, तेव्हा ओलं खाणं फक्त चमच्यानेच द्या. उपाशी मात्र ठेवू नका. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर शिकवणी बंद आणि डॉक्टरांना फोन.

ती चमच्यावर खात असताना दुसऱ्या हातात मऊ दातांचा टूथब्रश घ्या आणि गालावर, कानाच्या खाली हळू फिरवा. आईच्या खरखरीत जिभेसारखा तो स्पर्श पिल्लं हातापेक्षा लवकर चालवून घेतात. वरून डोक्यावर हात आणू नका, पोटाला तर नकोच. दहा मिनिटांचं एक बसणं, दिवसातून तीन-चार वेळा, हे एका तासाच्या बसण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. खेळायला खराट्याच्या काडीला पीस बांधा. सुटा दोरा किंवा लोकर देऊ नका, गिळली तर आतडी कापते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात अनुभवी स्वयंसेवकही फसतात. उचलल्यावर निपचित पडून राहणारं पिल्लू शांत झालेलं नसतं. बुबुळं पूर्ण काळी, कान आडवे, अंग दगडासारखं, श्वास भराभर, असं असेल तर ते भीतीने थिजून गेलेलं आहे. लोक म्हणतात, "बघा, मांडीवर किती छान बसली." ती बसलेली नाही, ती मेल्याचं सोंग घेऊन सुटकेची वाट बघते आहे. असं वारंवार झालं की पुढच्या वेळी ती सोंग घेणार नाही, चावेल. खरं सैलावलेलं पिल्लू अंग एका कुशीवर टाकतं, पंजे आत दुमडतं, डोळे बारीक करतं, चमच्यावरून मान वर करून तुमच्याकडे बघतं आणि परत खातं. फिस्कारणंही वाईट समजू नका. फिस्कारणारं पिल्लू सांगतंय की "जवळ येऊ नको", म्हणजे अजून बोलतं आहे.

आता फॉस्टर, म्हणजे तात्पुरतं घर. शेल्टरमध्ये महिन्यात जे होत नाही ते शांत घरात बरेचदा आठवड्यात दिसायला लागतं, कारण तिथे कुत्र्यांचा आवाज नसतो, माणसं तीच असतात आणि दिवसाला एक ठरलेली चाल असते. तुम्ही स्वतः नेऊ शकत असाल तर सगळ्यात चांगलं. नाहीतर दत्तक घेणारा शोधण्याआधी फॉस्टर शोधा, तो लवकर मिळतो. "कायमचं मांजर घ्या" याला नाही म्हणणारी माणसं "चार-सहा आठवडे एक पिंजरा ठेवाल का, खाणं-औषध आमचं" याला हो म्हणतात. निवृत्त शिक्षिका, घरून काम करणारी मुलं, मांजर म्हातारपणाने गेलंय पण नवं घ्यायला मन धजत नाही असं कुणी, अशांना विचारा.

आपल्याकडच्या वन बीएचकेत वेगळी खोली कुठली मिळणार. म्हणून बेडरूमच्या कोपऱ्यात मोठा पिंजरा, वरून चादर, आत तोच शेल्टरमधला खोका. बाथरूममध्ये ठेवायचा सल्ला परदेशी व्हिडिओंत सर्रास असतो, आपल्याकडे तो धोक्याचा आहे. बाथरूम ओलं असतं, आणि काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीतून किंवा एक्झॉस्टच्या भोकातून पिल्लू थेट डक्टमध्ये उतरतं. तिथून त्याला काढणं म्हणजे अग्निशमन दल. दिवाण असेल तर त्याच्या खालची फट पुठ्ठ्याने बंद करा, फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या मागेही. पिल्लाला लपायला जागा हवी, पण तुमचा हात पोचेल अशी.

घरात आधीचं माणसाळलेलं, लसीकरण झालेलं, पिल्लांना न मारणारं मांजर असेल तर अर्धं काम तेच करतं. दोन आठवडे वेगळं ठेवून, आजार नाही याची खात्री झाली की जाळीतून ओळख करून द्या. बुजरं पिल्लू मोठ्या मांजराला माणसाच्या पायाशी घासताना बघतं आणि हळूहळू मागून येतं. शेल्टरमधलं एखादं धीट पिल्लू सोबत दिलं तरी हेच होतं. मात्र मांदेलीची एखादी तितकीच बुजरी बहीण असेल तर दोघींना एका पिंजऱ्यात ठेवू नका, निदान पहिले काही आठवडे तरी. दोन घाबरलेली पिल्लं एकमेकींत तोंड खुपसून बसतात आणि माणसाची गरजच त्यांना वाटेनाशी होते.

फॉस्टरकडे ती हातातून खायला लागली की मग दत्तकाची पोस्ट. त्याआधी टाकू नका. आणि त्यात "बिचारी", "कुणीच घेत नाही", "वाचवा" हे शब्द नकोत. त्यांनी दया येणारे लोक धावतात, रात्री अकराला फोन करतात, दुसऱ्या दिवशी घेऊन जातात आणि चौथ्या दिवशी "जवळच येत नाही हो" म्हणून परत आणतात. परत आलेलं पिल्लू पहिल्यापेक्षा जास्त मिटलेलं असतं. मी असं काही लिहीन:

"मांदेली. मादी, साधारण चार महिने, काळी-पांढरी, नाकावर अर्धा काळा ठिपका. तिहेरी लस आणि जंतांचं औषध झालं आहे, नसबंदी आम्ही करून देऊ. अनोळखी माणसापासून लपते. ओळखीच्या माणसाच्या हातून खाते, गालावर हात फिरवू देते. उचललेलं अजून आवडत नाही. एकटी असताना खूप खेळते, व्हिडिओ पाहा. नव्या घरात जवळ यायला काही आठवडे लागतील. शांत घर, खिडक्यांना पक्की जाळी. घरात आधीचं प्रेमळ मांजर असेल तर उत्तम. सहा वर्षांखालील मुलं असतील तर आमच्याकडची दुसरी पिल्लं सुचवू."

यातलं प्रत्येक वाक्य त्या दिवशी खरं असेल तरच ठेवा. ठिपका वगैरे मी कल्पनेने लिहिलं आहे, तुमच्या मांदेलीचं जे असेल ते लिहा. फोटो शेल्टरच्या गजांआडचा नको. फॉस्टरच्या घरी, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन नेऊन काढा. काळ्या अंगावर काळ्या खोक्यात डोळे तेवढे चमकतात, म्हणून खाली फिकट कापड घाला. काळ्या मांजरांना आपल्याकडे आधीच आडवं जाण्याचं बालंट लागलेलं असतं, त्यात फोटो भुतासारखा आला तर संपलंच.

फोन येतील. माझ्या दृष्टीने चांगला फोन तो, ज्यात समोरचा प्रश्न विचारतो: कुठे झोपते, काय खाते, ऑफिसला गेलो तर चालेल का. "रंग कसा आहे, पर्शियन मिक्स आहे का" असं विचारणाऱ्याला नम्रपणे दुसरं काही सुचवा. दिवाळीची भेट म्हणून, मुलाला वाढदिवसाला म्हणून, गोडाऊनमध्ये उंदीर झालेत म्हणून, असं कुणी मागत असेल तर नाही म्हणा. घरातल्या सगळ्यांशी, निदान रोज घरी असणाऱ्या व्यक्तीशी बोलल्याशिवाय हो म्हणू नका. सासूबाईंना नको असताना आणलेलं मांजर सासूबाईंनाच सांभाळावं लागतं.

भाड्याच्या घरात मालकाची लेखी परवानगी बघा. सोसायटीची अडचण सांगितली तर मात्र घाबरू नका. सोसायटीला ठराव करून पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशु कल्याण मंडळाच्या, मुख्यतः कुत्र्यांसाठी काढलेल्या, २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. त्याची प्रत दत्तक घेणाऱ्याला देऊन ठेवा.

शाकाहारी घरांबद्दल स्पष्ट बोलते. दूध-पोळी खाऊन मांजर जगतं हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. गावाकडचं मांजर दूध-पोळी खाऊन बाहेर जाऊन उंदीर, पाली, पाखरं खात असतं, म्हणून जगतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये तेवढ्यावर ते जगणार नाही. मांजराला टॉरिन हा घटक मांस-मासळीतूनच मिळतो, तो कमी पडला तर दृष्टी जाते आणि हृदय सुजतं. शिवाय दुधाने बहुतेक पिल्लांना जुलाब होतात. पण म्हणून शाकाहारी घर बाद करू नका. घरात मांस शिजवायचं नसेल तर पाकिटातलं कॅट फूड बाल्कनीत ठेवून अगदी निष्ठेने मांजर सांभाळणारी जैन आणि ब्राह्मण घरं मला माहीत आहेत. फक्त आधी विचारा आणि "हो, पाकिटातलं देऊ" हे त्यांच्या तोंडून ऐका.

जाळीच्या बाबतीत तडजोड नको. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडतं, त्यामुळे तारेची जाळी हवी, निदान तिचा वावर असेल त्या खिडक्यांना. ग्रिल आहे म्हणजे झालं असं नाही, तीन महिन्यांचं पिल्लू ग्रिलच्या गजांमधून सहज जातं. जाळी बसल्याचा फोटो आल्यावरच पिल्लू द्या.

भेट फॉस्टरच्याच घरी ठेवा. येणारे दोघंच, फोन बंद, अत्तर-परफ्यूम नको. चहा-पाणी आधी होऊ दे. मग जो पुढे तिचा मुख्य माणूस होणार आहे त्याने पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसायचं आणि चमचा धरायचा, तुम्ही शिकवलात तसा. बहुतेक वेळा पहिल्या भेटीत पिल्लू खोक्यातून बाहेरच येत नाही. हे भेटीआधीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांना नकार मिळाल्यासारखं वाटत नाही. अर्धा तास नुसतं बसून, काहीही न घडता, "आम्ही परत रविवारी येऊ का?" असं विचारणारं कुटुंब भेटलं की समजा, घर सापडलं. त्यांना दुसऱ्या भेटीला जरूर बोलवा, आणि जाताना त्यांच्या घरातला एखादा वापरलेला पंचा मागून घ्या, तो खोक्यात घाला.

देताना तिच्याबरोबर तोच खोका, न धुतलेलं कापड, तेच खाणं, तेच लिटर द्या. गणपतीचा ढोल-ताशा आणि दिवाळीचे फटाके यांच्या आठवड्यात पिल्लू नव्या घरी पाठवू नका, महिना उलटला तरी चालेल. नव्या घरी पहिल्यांदा एकच खोली. कामाला येणाऱ्या मावशींना आणि दूधवाल्याला दार उघडण्याआधी सेफ्टी डोअर बंद ठेवायची सवय लावावी लागते, कारण बुजरी पिल्लं निसटतात ती पहिल्या पंधरवड्यात आणि दारातूनच. निसटलीच तर लांब शोधू नका. जिना, मीटरची पेटी, गाड्यांखाली, पाण्याच्या पंपाची खोली. घाबरलेलं मांजर हाकेला ओ देत नाही, जवळच गप्प बसून राहतं. रात्री बारानंतर, सामसूम झाल्यावर, टॉर्च आणि तिचं नेहमीचं खाणं घेऊन तिथेच बसा.

दत्तकपत्रात दोन गोष्टी लिहून घ्या: नसबंदी होणार, आणि जमलं नाही तर पिल्लू आपल्याकडेच परत येणार, दुसऱ्या कुणाला दिलं जाणार नाही. नसबंदीची तारीख डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवा. मादी चार-पाच महिन्यांत माजावर येऊ शकते आणि साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं देते. पहिले काही दिवस रोज मेसेज करा, "काय खाल्लं, शी झाली का" एवढंच विचारा. "जवळ आली का" हे विचारू नका, त्याने त्यांच्यावर दडपण येतं आणि ते तिला उचलायला बघतात.

शेवटी तुमच्या महिन्याच्या मुदतीबद्दल. शेल्टरच्या लोकांवर रागावू नका, एक पिंजरा अडला की दारातलं दुसरं पिल्लू बाहेर राहतं, त्यांचा हिशोब खरा आहे. त्यांच्याकडे मुदत वाढवून मागू नका, पिंजरा मोकळा करून द्या. "मी हिला फॉस्टरकडे हलवते, कागदोपत्री ती तुमचीच, नसबंदी तुमच्याकडेच करू" असं म्हणा, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. फॉस्टर मिळालाच नाही आणि फोनवरच्या व्हिडिओतही ती एकटी असताना खेळत-खात नसेल, माणसाच्या सावलीनेही अंग चोरत असेल, तर बाजारात परत जाणं हाही पर्याय आहे, पण अटींवर. नसबंदी आणि रेबीजची लस झालेली, कानाला खूण केलेली, नेमकी जिथून उचलली त्याच गाळ्यापाशी, आणि तिला रोज मासळीचं खाणं टाकणारी कोळीण मावशी आहे याची तुम्ही स्वतः जाऊन खात्री केल्यावर. दुसऱ्या बाजारात, बागेत किंवा कुणाच्या फार्महाऊसवर नेऊन सोडणं नको, अनोळखी जागी सोडलेलं मांजर तिथे टिकत नाही. या शनिवारी बाजारात एक चक्कर मारून त्या मावशींना शोधून ठेवा. मांदेलीची आई अजून तिथेच असेल, तर तिच्या नसबंदीचंही त्यांच्याशीच बोलून घ्या, नाहीतर काही महिन्यांत अशीच चार पिल्लं पुन्हा तुमच्या शेल्टरच्या दारात येतील.